आत शिरलेले निळे ठिपके

आई, आज तुला लिहायला बसले त्याला कारण आहे आणि ते चांगलं कारण आहे, हे आधीच सांगते. नाहीतर माझा आवाज जरा वेगळा वाटला तरी "काय झालं? खरं सांग" म्हणून तू पिच्छा पुरवायचीस. काही वाईट झालेलं नाही. उलट आज मी फार खुशीत आहे आणि ही खुशी कुणाला सांगायची तेच कळत नाहीये. घरात सांगितली, तर "अरे वा" म्हणून टीव्हीचा आवाज परत वाढवला गेला. हॉस्पिटलात सांगायची सोय नाही, कारण तिथे मी डिपार्टमेंटची हेड आहे आणि हेडने स्वतःची पाठ थोपटून घेतलेली बरी दिसत नाही. तुझ्यापुढे मला कसलीच लाज नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझं वय तुझ्या शेवटच्या वयाहून जास्त आहे. पण बढाई मारायची झाली की अजून तूच आठवतेस, कारण ती पूर्ण ऐकून घेणारं दुसरं कुणी मला मिळालं नाही.

तू गेलीस तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. तू शिवून दिलेला पांढरा कोट घालून जायचे. बाकीच्या मुलींचे कोट दुकानातले, माझा तुझ्या कारखान्यातल्या गणवेशाच्या जाड ड्रिल कापडाचा, आतल्या बाजूला चोरखिसा असलेला. "बसचा पास कुठं ठेवशील मग?" हे तुझं म्हणणं. मुली आधी त्या खिशाला हसल्या आणि नंतर परीक्षेच्या दिवशी आपापली हॉलतिकिटं त्याच खिशात सांभाळायला देऊ लागल्या. पुढे मी काय झाले ते तुला ठाऊक नाही. मी पॅथॉलॉजिस्ट झाले. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, आम्ही तो मेणात बसवतो, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगतो की हे काय आहे. पेशंटला आमचं तोंडही दिसत नाही, पण आम्ही लिहिल्याशिवाय पुढचा कुठलाच डॉक्टर हालत नाही. इथल्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मी तोंड, जीभ, घसा आणि मानेचे तुकडे बघते. म्हणजे तुझाच आजार. लोक विचारतात, हेच का निवडलंत? मी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर देते. खरं उत्तर त्यांना न विचारताही कळत असावं.

आता मला ज्या गोष्टीचा अभिमान वाटतोय ती सांगते, जरा धीराने ऐक. रंगवलेल्या कापावर कॅन्सरच्या पेशी गुलाबी-जांभळ्या दिसतात, बेढब, एकमेकींना चिकटून पुंजके करून बसलेल्या. आणि त्यांच्या आसपास मोहरीसारखे बारीक, गडद निळे ठिपके असतात. त्या आपल्या स्वतःच्या संरक्षणाच्या पेशी. डॉक्टरी भाषेत लिम्फोसाइट. कुणाच्या ट्यूमरमध्ये ते ठिपके सरळ आत, पुंजक्यांच्या मधोमध घुसलेले असतात. कुणाच्यात ते कुंपणाशी येऊन गर्दी करतात आणि तिथेच थांबतात. आणि कुणाच्यात तर फिरकतच नाहीत. आम्ही शिकत होतो तेव्हा या ठिपक्यांकडे फारसं कुणी लक्ष देत नसे. रिपोर्टच्या शेवटी एखादं वाक्य असायचं, तेही सवड असली तर. आता जगभर लोक यांच्याच मागे लागलेत, कारण ज्यांच्यात हे आत शिरलेले असतात ती माणसं एकंदरीत जास्त टिकतात. आणि आता अशी औषधं आली आहेत जी कॅन्सरला थेट मारत नाहीत, या ठिपक्यांना मोकळं करतात. कॅन्सरच्या पेशी हुशार असतात गं. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी दारावर लावावी तसं काहीतरी त्या आपल्या अंगावर लावून बसतात आणि आलेले ठिपके ती वाचून मुकाट उभे राहतात. औषध ती पाटी झाकून टाकतं. पण दारात कुणी आलेलंच नसेल तर पाटी झाकून काय उपयोग? म्हणून आधी मोजावं लागतं, कोण आलंय, कुठवर आलंय. ते मोजायचं काम माझं.

हे मोजणं मी कुठे शिकले असं विचारशील तर अर्धं कॉलेजात आणि अर्धं तुझ्या कारखान्याच्या, येलहंक्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. आयुधपूजेचा दिवस आहे. कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, दारात कोहळा फोडून लाल कुंकवाचा चिखल झालाय आणि मी चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन तुझ्या चेकिंगच्या टेबलाशी उभी आहे. बॉयलरवर आणि कॉम्प्रेसरवर बसतात ते दाब दाखवणारे काट्याचे गोल मीटर तुमच्याकडे बनायचे. तयार झालेला प्रत्येक मीटर शेवटी तुझ्याकडे. तू पास केलास की काचेखाली पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचास, आणि त्या ठिपक्याशिवाय एकही मीटर खोक्यात जात नसे. त्या दिवशी काम बंद होतं म्हणून तू मला एक मीटर जोडून दिलास आणि दाब सोडलास. काटा वर चढला, थांबला. मी झटकन आकडा सांगितला, बरोबर सांगितला याची मला खात्री होती. तू माझ्या हातावर चापट मारलीस. "टिचकी मारलीस का? न मारताच वाचलंस. काटा झोपलेला असतोय गं. टिचकी मारल्यावर बी जाग्यावर ऱ्हायला, तरच त्याचं खरं धरायचं." मग तू काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारलीस आणि काटा टुणकन दोन घरं पुढे सरकला. सगळ्यांसमोर चापट बसली म्हणून मी रुसले होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, तो मीटर बाजूला ठेवलास आणि त्यावर खडूने फुली मारलीस, सणाच्या दिवशीसुद्धा.

आणि तो दुसरा दिवस. माझी अर्ध्या दिवसाची शाळा होती, मी तुझ्याबरोबर जेवायला आले होते. महिनाअखेर होती, टेम्पो दारात उभा होता आणि एका ट्रेमधले सगळेच्या सगळे मीटर टिचकीसरशी हलत होते. तू एकालाही ठिपका देईनास. मालक स्वतः आले. वाईट माणूस नव्हता तो, तुम्हा बायकांना अक्का म्हणायचा. "अक्का, स्वल्प अड्जस्ट माडी," तो कन्नडमध्ये अजीजीनं म्हणाला, थोडं सांभाळून घ्या, तिकडे बसून कोण टिचक्या मारणार आहे? तू खुर्चीवरून उठलीससुद्धा नाहीस. "आगल्ला सार," एवढंच म्हणालीस, जमणार नाही. आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच विचारलं होतं अशा रागात, आपल्या निपाणीच्या बोलीत म्हणालीस, "मीटर खोटं बोललं म्हणून बॉयलर ऐकतोय व्हय?" टेम्पो रिकामा गेला. मालक बरेच दिवस तुझ्याशी बोलत नव्हते. मला मात्र त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला की संध्याकाळी क्वार्टर्समधल्या सगळ्या पोरींना मी तो प्रसंग सांगत फिरले, आणि माझ्या गोष्टीत तू मालकांना बरंच काही जास्तीचं बोललीस.

तुझ्या मिश्रीबद्दल मी आजवर कुणाशी रागाने बोललेले नाही. माझ्या नोकरीत हे विचित्रच आहे, कारण त्याच विषयावर मी भाषणं देते. पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावत ओट्याशी बसून राहायचं. तेवढा वेळ तू कुणाचीच नसायचीस. अप्पा हाक मारायचे, तू नुसता हात वर करायचीस. निपाणीत तुझी आई लावायची, मावश्या लावायच्या, आणि बायकांना दिवसात बसायला मिळणारी ती एकच वेळ होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मग गालात आतून पांढरा चट्टा आला, चट्ट्याची जखम झाली, आणि तू ती दाढेचं दुखणं म्हणून दडवलीस. ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग गेला, रेडिएशनचा शेक दिला. त्या काळी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं. नाचणीची आंबील तू फडक्यातून दोनदा गाळून घ्यायचीस, कपाने सावकाश ओतायचीस, पदर तोंडाशी धरून. आणि अंगात थोडं बळ येताच तू परत कारखान्यात गेलीस. मी म्हटलं, लोक बघतील. तू अर्ध्या तोंडानं हसलीस. मालकांनी तुझं टेबल तेवढे महिने कुणाला दिलं नव्हतं. अबोला धरणाऱ्या त्या माणसाला तुझी किंमत नेमकी कळली होती, आणि हे आठवलं की आजही माझी मान ताठ होते.

आता यंदाची गोष्ट. आमच्याकडे मानेतल्या गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायची खोली आहे, तेवढ्यापुरते पेशंट आम्हाला भेटतात. एक दिवस तिथे एक आज्जी आल्या, गालावर जुन्या ऑपरेशनचा व्रण, मानेत नवी गाठ. बरोबर मुलगी, व्हाइटफील्डच्या कुठल्यातरी कंपनीत नोकरी करणारी, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. आज्जी मुलीला हळूच म्हणाल्या, "ह्यी सुई कितपत खोल घालत्यात गं?" आणि ते ऐकून माझ्या हातातली सुई क्षणभर तशीच राहिली. ती तुझी बोली होती. मी म्हटलं, "फार खोल नाही आज्जी, मुंगी चावल्यासारखं वाटेल." आज्जींनी डोळे मोठे केले. "अगं बाई, डॉक्टरीण आपल्यातलीच की!" मग काय, गाठ राहिली बाजूला. कुठल्या गावच्या, कुणाच्या कोण. मिश्री किती वर्षं लावत होतात, मी विचारलं. "लगीन हून आल्यापासनं," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे चोरून बघितलं. मी म्हटलं, माझी आईपण लावायची. "आणि?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझा हातमोजा घातलेला हात धरला आणि सुई टोचून होईपर्यंत सोडला नाही. त्यांना धीर द्यायचा तो मी, पण झालं उलटंच.

कॅन्सर परत आला होता, मानेत आणि गालातही. पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, शेक आधीच देऊन झाला होता. उरलं होतं एक ते पाटी झाकणारं औषध, जे एका चाचणीत सहभागी झाल्यास त्यांना मिळणार होतं. अट एकच: तुकड्यातल्या निळ्या ठिपक्यांचा आमचा आकडा अमुक पातळीच्या वर हवा. गालातून छोटासा तुकडा काढला, माझ्या हाताखालच्या मुलीने मोजला, आकडा काठावर पण वर आला. सहीसाठी माझ्याकडे पाठवला. आता आई, तोंडाच्या कॅन्सरमध्ये एक चूक अशी आहे की ती आमच्या धंद्यातलाच माणूस करणार, बाहेरच्याला ती सुचणारही नाही. ट्यूमर वरून फुटून जखम झालेली असते, तिथे अन्न लागतं, जंतू होतात, आणि त्या जखमेखाली निळ्या ठिपक्यांची ही झुंबड उडालेली असते. ती गर्दी जंतूंशी भांडायला आलेली. ट्यूमरशी तिचं काही देणंघेणं नाही. पण दिसतात ते ठिपके सारखेच, आणि तेही कॅन्सरला खेटून, त्यामुळे घाईत मोजणारा त्यांनाही धरतो. त्या मुलीने त्यांना धरूनच मोजलं होतं. मी जखमेखालची गर्दी वगळली, आकडा खाली आला. स्लाइड काढून ठेवली, कॉफी पिऊन आले, दुसऱ्या टोकापासून परत मोजली. हे मी नेहमीच करते. माझे ज्युनिअर, ज्यांच्यातल्या एकालाही मराठी येत नाही, त्याला 'टिचकी' म्हणतात, 'मॅडम, टिचकी आयता?' झाली का टिचकी, असं विचारतात. टिचकी झाली. आकडा खालीच राहिला.

औषधं देणारा तरुण डॉक्टर धावत वर आला. चांगला मुलगा आहे, पेशंटसाठी जीव टाकतो. "मॅडम, काठावरच आहे ना? स्वल्प अड्जस्ट माडी," तो म्हणाला. खरंच, हेच शब्द. मला हसू आलं, कारण माझं मन आधीपासून तेच म्हणत होतं. त्या आज्जींचा हात अजून माझ्या हाताला लागत होता. एक आकडा वर लिहिला असता तर कुणाला कळलं असतं? मी त्याला नाही म्हटलं. मग आज्जींची मुलगी आली. ती माझ्यावर ओरडली. "डॉक्टर म्हणतात बॉर्डरलाइन आहे. तुम्ही थोडं वर लिहिलंत तर तुमचं काय जाणार आहे? तुमच्यासाठी स्लाइड असेल मॅडम, माझी आई आहे ती!" मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माझं काहीच जाणार नाही. जाईल ते तुझ्या आईचं. आत कुणी आलेलंच नसेल तर हे औषध फुकट अंगावर पडेल, आणि त्यात जे आठवडे जातील ते दुसऱ्या औषधाचे होते." ती रडायला लागली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मी टेबलावरचं सामान फेकलं असतं.

पण नाही म्हणून मी थांबले नाही, हे तुला मुद्दाम सांगायचंय. तू तो ट्रे बाजूला ठेवलास तेव्हा मीटर फेकून दिले नव्हतेस. कुठे अडतंय ते बघून दुरुस्तीला लावले होतेस. मी विचार केला, हा एवढासा तुकडा, निम्मा जखमेचा, त्यावरून मी अख्ख्या बाईचं ठरवतेय. मी आज्जींच्या मुलीला विचारलं, पहिलं ऑपरेशन कुठे झालं होतं? तिकडेच, बेळगावकडच्या एका दवाखान्यात. त्या वेळचा मेणाचा ठोकळा ते ठेवून देतात, मी म्हटलं, तो मोठा असेल, खोलवरचा असेल, आणि या चाचणीत जुना तुकडाही चालतो. "त्यात काय निघेल ते मला माहीत नाही," हे मी तिला स्पष्ट सांगितलं. "खालचा निघाला तर मी खालचाच लिहीन." तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, की आणखी एक शब्द बोलले असते तर तिने मला खाल्लं असतं. पण ती गेली. कुरिअरवर भरवसा न ठेवता स्वतः रेल्वेने गेली आणि ठोकळा रुमालात गुंडाळून घेऊन आली.

नवे काप काढून, रंगवून स्लाइड टेबलावर आली त्या सकाळी मी चष्मा दोनदा पुसला. तू हसशील, पण मी तुझी पद्धत मोडली नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी, खिडकीच्या उजेडात धरून. मग लहान भिंगाने, पूर्ण तुकडा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे जखम नव्हती. कॅन्सरचे पुंजके, बेटांसारखे, एकामागून एक. आणि मग मोठं भिंग लावलं. आई, ते आत होते. कुंपणाशी थबकलेले काही होतेच, पण पुष्कळ आत, पुंजक्यांच्या पोटात, गुलाबी पेशींच्या मधल्या फटींतून घुसलेले बारीक निळे ठिपके. दुसऱ्या, तपकिरी रंगाच्या कापावर त्यांच्याभोवती पाट्या लटकलेल्याही स्पष्ट दिसत होत्या. हाताखालच्या त्याच मुलीला बसवलं, न सांगता मोजायला लावलं. तिचा आकडा वर. स्लाइड काढून ठेवली, कॉफी प्यायला गेले, कॉफी तशीच टाकून परत आले. माझाही आकडा वर, काठावर नाही, चांगला वर. मी सही केली. त्या सहीइतकी सुबक सही मी लग्नाच्या कागदावरही केली नव्हती.

आणि आज आज्जी तपासणीला आल्या होत्या. औषध सुरू होऊन काही महिने झालेत. मानेतली गाठ चाचपावी तेव्हा हाताला लागते, एवढी उरली आहे. पुढे किती काळ असं राहील ते कुणालाच सांगता येत नाही आणि मी त्यांना तसं खोटं सांगितलेलंही नाही. पण त्या डिपार्टमेंट शोधत वरपर्यंत आल्या, लिफ्ट बंद होती तरी. धाप लागलेली. "डॉक्टरीणबाई, आज भाकरी खाल्ली," त्या दारातूनच म्हणाल्या, "दुधात कुस्करून का हुईना, पण भाकरी!" मुलगी मागे उभी होती. तिने विचारलं, "मला ती स्लाइड दाखवाल?" आमच्याकडे दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप आहे. आधी तिने बघितलं, मग आज्जींनी, डोळा भिंगाला नीट लागेना म्हणून मी त्यांची हनुवटी धरली.

"ह्ये बारीक निळं निळं हाय ते?"

"तेच. तुमचेच आहेत आज्जी. आत शिरलेत."

"मग इतकं दिस नुसतं बघत बसली हुतीत व्हय?"

"दारावर पाटी होती. आता औषधानं झाकलीय."

आज्जी बराच वेळ बघत राहिल्या. "माझीच माणसं," त्या म्हणाल्या, आणि भिंगाला डोळा लावूनच त्यांनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं मला जोडले असतील, पण ते त्या ठिपक्यांना होते. माझे ज्युनिअर दारात गोळा झाले होते आणि सगळ्यांना कळत होतं की मॅडम रडतायत. मी लपवलंही नाही. आई, मला माझा अभिमान वाटला. आणि माझा वाटला म्हणजे त्यातला मोठा वाटा तुझाच. त्या शेडमध्ये तू जशी बसून राहिलीस, मालक समोर उभा असताना, तशी मी बसून राहिले, आणि आज एक बाई भाकरी खाऊन आली. हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

जाता जाता आज्जींनी विचारलं, "मग तुमच्या आईचं बी असं बघिटलासा काय?" मी म्हटलं, तिच्या वेळी हे नव्हतं. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही, आणि हे पत्र कुठेच जाणार नसल्यामुळे इथे सांगून टाकते. तुझं ऑपरेशन याच शहरात झालं. ते हॉस्पिटल अजून आहे, जुने ठोकळे तिथल्या तळघरात असतात, आणि मी इथली हेड म्हणून नुसता एक फोन केला तर ते तुझा ठोकळा शोधून देतील. तिथली पॅथॉलॉजिस्ट माझ्या ओळखीची आहे, आम्ही वर्षातून दोनदा एका टेबलावर जेवतो. मी तिला कधीच विचारलेलं नाही. परक्यांचं मी न बघता एक अक्षर लिहीत नाही. तुझ्यात मात्र ते आत शिरले होते, शेवटपर्यंत भांडत होते, असं मी धरून चालले आहे. बघितलेलं नाही. बघणारही नाही.